आमच्या गल्लीत ओक विल्ट आला तेव्हा

टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये घर घेताना लोक अंगणातल्या ओकसाठी चार पैसे जास्त मोजतात. आम्हीही मोजले होते. आमची गल्ली शहराच्या वायव्य भागात, टेकडीच्या कडेला आहे आणि मागच्या कुंपणापलीकडे बॅल्कोनीज कॅन्यनलँड्स प्रिझर्व्हचं राखीव जंगल सुरू होतं. आमच्या आवारात दोन मोठे लाइव्ह ओक आणि एक रेड ओक होता. आज रेड ओक नाही, एका लाइव्ह ओकचा शेंडा वाळलाय, दुसरा अजून तरी हिरवागार आहे. ओक विल्ट, म्हणजे ओकची झाडं वाळवणारा बुरशीचा रोग, जिथे शिरतो तिथे याला चांगला निकाल म्हणतात, हे मला बरंच नंतर कळलं. ज्यांच्याकडे हे आत्ता सुरू होतंय त्यांना निदान पहिला फोन कुठे करायचा, पैसे कशावर घालायचे आणि कशावर नाही, एवढं तरी कळावं म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

फेब्रुवारी 2023 च्या सुरुवातीला इथे बर्फाचं वादळ झालं. फांद्यांवर बर्फाचा जाड थर चढला, रात्रभर फांद्या मोडल्याचे आवाज येत राहिले, वीज गेली ती काही भागांत कितीतरी दिवस आलीच नाही. टेक्सासमध्ये ओकची छाटणी 1 फेब्रुवारी ते 30 जून या काळात करू नये असं सांगतात, कारण याच दिवसांत बुरशी आणि तिला वाहून नेणारे बारीक भुंगेरे दोन्ही जोरात असतात. ताज्या जखमेच्या रसावर ते भुंगेरे येतात आणि अंगाला चिकटलेले बीजाणू तिथे सोडतात. नेमक्या त्याच दिवसांत शहरभर ओक फाटले होते. आमच्या गल्लीतला रोग त्या वादळातूनच आला का, हे कोणी छातीठोकपणे सांगितलेलं नाही. वनाधिकारी एवढंच म्हणाले की शक्य आहे.

खरी सुरुवात मे 2024 मध्ये झाली. शेजारच्या आजींच्या लाइव्ह ओकखाली पानांचा सडा पडायला लागला. लाइव्ह ओक बारमाही हिरवा दिसतो, पण फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान जुनी पानं टाकून नवी घेतो, त्यामुळे वसंतातल्या पानगळीला कोणी घाबरत नाही. मे अर्धा सरला तरी पानं गळतच राहिली, तेव्हा मी खाली वाकून काही पानं उचलली. मधली शीर आणि तिच्यातून फुटणाऱ्या शिरा तपकिरी झालेल्या, शिरांच्या मधला भाग मात्र हिरवा. पान उन्हासमोर धरलं की वाळलेल्या शिरांचा सांगाडा स्वच्छ दिसायचा. ही खूण लक्षात ठेवा. पान टोकाकडून किंवा कडेने वाळलं तर कारण पाण्याची ओढही असू शकतं. शिरा वाळल्या की मात्र वाट बघू नका.

माझा मोठा भाऊ वाशिमला तूर घेतो. त्याला पानाचा फोटो पाठवला, तर पाच मिनिटांत त्याचाच फोन. ‘अगं, ही तर मर दिसते. तुरीत येते तशी. खोड चिरून बघ, आतून काळं निघतं का.’ खोड चिरायची सोय नव्हती, पण दादाचं म्हणणं मुळात बरोबर होतं. बुरशी वेगळी (हिचं नाव ब्रेट्झिएला फॅगासिअरम), पण काम तेच: पाणी वर नेणाऱ्या नळ्या बंद पडतात आणि झाड उभ्या उभ्या तहानेनं मरतं. मग दादा म्हणाला, ‘मुळाशी औषध ओत.’ तेवढं मात्र इथे चालत नाही.

शहराच्या 311 क्रमांकावर फोन केला. त्यांनी नोंद घेतली आणि टेक्सास ए अँड एम फॉरेस्ट सर्व्हिसकडेही (राज्याच्या वनखात्याकडे) विचारायला सांगितलं. पाहणीला दोन आठवडे लागले. तेवढ्यात जे करता येतं ते करून ठेवा: गल्लीतल्या सगळ्या ओकचे फोटो, तारखेसह, प्रत्येक झाड कुठे आहे याचा हाताने काढलेला नकाशा, आणि गळलेल्या पानांची एक पिशवी. अधिकाऱ्यांनी माझा नकाशा घेतला आणि त्याच्यावरच काम सुरू केलं. पाहणीचे पैसे पडले नाहीत.

त्या दिवशी जे कळलं ते पुढच्या सगळ्या निर्णयांना पुरलं. रेड ओक गटातली झाडं लागण झाली की काही आठवड्यांत मरतात. आणि त्यांच्याच सालीखाली पुढच्या हिवाळ्यात-वसंतात बुरशीचे थर येतात. त्यांना आंबूस-गोड वास येतो, वासावर भुंगेरे येतात आणि रोग लांबवर उडतो. लाइव्ह ओकवर असे थर येत नाहीत, पण त्यांची मुळं जमिनीखाली एकमेकांना जोडलेली असतात. अधिकारी म्हणाले, ‘तुम्हाला दोन झाडं दिसतायत, बुरशीला बहुधा एकच दिसतं.’ मुळांमधून रोग वर्षाला सरासरी 75 फूट सरकतो. पोस्ट ओक, बर ओक ही पांढऱ्या गटातली झाडं बरीच तग धरतात.

मग त्यांनी नकाशावर आजारी झाडांभोवती रेघ मारली, तिच्याबाहेर शंभर फुटांवर दुसरी, आणि म्हणाले की आजींचं झाड आता विसरा. मला राग आला होता. आजी तर काहीच बोलल्या नाहीत, घरात निघून गेल्या. पण इथे खर्च करायचा तो अजून निरोगी दिसणाऱ्या झाडावर. ज्याची बरीचशी पानं गेली आहेत त्याला औषध देऊन फार काही हाती लागत नाही. आम्ही बोलावलेल्या एका ठेकेदाराने मात्र आजींचं झाड ‘शंभर टक्के वाचवतो’ म्हणून भलामोठा आकडा सांगितला. तुम्हालाही असा कोणी भेटेल. त्याला एकच विचारा: ‘ओक विल्ट क्वालिफाइड’ हे टेक्सासचं प्रमाणपत्र आहे का, आणि औषध द्यायचा राज्याच्या कृषी खात्याचा परवाना आहे का? आमच्याकडे आलेल्या गृहस्थांनी विषय बदलला.

नमुना प्रयोगशाळेत पाठवायचं ठरलं. कॉलेज स्टेशनला ए अँड एमची वनस्पती रोगनिदान प्रयोगशाळा आहे. आजारी पण पूर्ण न मेलेल्या फांदीचे, अंगठ्याएवढ्या जाडीचे, वीतभर लांबीचे तुकडे लागतात. वाळकं लाकूड पाठवून उपयोग नाही. तुकडे पिशवीत, पिशवी बर्फाच्या खोक्यात, आणि पार्सल सोमवार-मंगळवारी टाकायचं म्हणजे शनिवार-रविवारी गरम गोदामात पडून राहणार नाही. फांदी कापली त्या क्षणी जखमेवर रंग मारायचा. कुठलाही रंग चालतो, आम्ही गॅरेजमधला भिंतीचा उरलेला रंग वापरला. हा नियम बारा महिने पाळायचा. तपासणी आणि टपाल मिळून शंभर डॉलरच्या आत भागलं.

अहवाल यायला तीन आठवडे गेले आणि त्यात बुरशी सापडली नाही असं आलं. गल्लीत काहींनी सुटकेचा श्वास टाकला. मी अधिकाऱ्यांना फोन लावला. ते म्हणाले की उन्हाळा तापला की फांदीतली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून दाखवणं अवघड होतं, त्यामुळे ‘सापडली नाही’ म्हणजे ‘नाही’ असं धरू नका. शिरांची खूण आणि रोग ज्या क्रमाने एका झाडावरून दुसऱ्यावर सरकला तो क्रम, एवढ्यावर त्यांचं निदान कायम होतं. हे त्यांच्याकडून ईमेलवर लिहून घेतलं. पुढे एचओएच्या (घरमालकांच्या संघटनेच्या) समितीपुढे आणि झाडतोडीच्या परवान्याच्या अर्जात तोच ईमेल कामी आला.

जूनच्या शेवटी आमच्या दोन्ही लाइव्ह ओकना औषध दिलं. तोवर कुंपणाकडच्या झाडाची थोडी पानं उतरली होती, घराजवळचं स्वच्छ होतं. ही प्रक्रिया मी खुर्ची टाकून पूर्ण बघितली. सकाळी सातला दोघं आले. आधी बुंध्याभोवतीची माती हवेच्या झोताने उडवली, मुळं जिथे फाकतात तो भाग उघडा केला. त्या फुगीर भागात बुंध्याभोवती ओळीने बारीक भोकं पाडली. प्रत्येकात प्लॅस्टिकची तोटी ठोकली, सगळ्या तोट्या एका पारदर्शक नळीने जोडल्या आणि नळी पंपाच्या टाकीला. औषध म्हणजे प्रोपिकोनॅझोल, आपल्याकडे शेतकरी फवारणीला वापरतात तेच बुरशीनाशक. मात्रा बुंध्याच्या व्यासावर ठरते, आणि व्यास जमिनीपासून साडेचार फुटांवर मोजायचा. आमचं मोठं झाड 26 इंचांचं. इंचाला 20 मिली औषध एक लिटर पाण्यात, म्हणजे 520 मिली औषध आणि 26 लिटर पाणी. दाब अगदी कमी ठेवतात, झाड आपल्या वेगाने ओढून घेतं. घराजवळच्या मोठ्या झाडाने दुपारपर्यंत टाकी रिकामी केली. कुंपणाकडच्याने ओढायला संध्याकाळ केली आणि काम करणाऱ्या पोराने भुवया उंचावल्या. नळ्या आत कुठेतरी बंद व्हायला लागल्याचं ते लक्षण असू शकतं, असं तो म्हणाला.

दर इंचाला साधारण 20 डॉलर पडला, म्हणजे मोठ्या झाडाचेच पाचशेच्या वर. दोन वर्षांनी पुन्हा द्यावं लागतं, हे दर विचारतानाच लक्षात घ्या. शिवाय औषध त्या एका झाडापुरतं. मुळांतून पुढे सरकणारी बुरशी त्याने थांबत नाही. ती थांबवायला नकाशावरच्या त्या दुसऱ्या रेघेवर चर खणून मुळं तोडावी लागतात, आणि चर एकट्याच्या आवारात खणून भागत नाही.

आमच्या बाबतीत सगळ्यात अवघड भाग हाच होता. चर घरांच्या मागून, जंगलाच्या कुंपणालगत जायला हवा होता, म्हणजे रोग प्रिझर्व्हमध्ये उतरणार नाही. प्रिझर्व्ह 1996 पासून ऑस्टिन शहर आणि ट्रॅव्हिस काउंटी मिळून सांभाळतात. त्यातला मुख्य पाहुणा गोल्डन-चीक्ड वॉर्बलर हा मूठभर पक्षी. तो घरटं फक्त मध्य टेक्सासात करतो, जुन्या ज्युनिपरच्या सालीच्या पट्ट्या वापरून, आणि पिलांना भरवायला अळ्या वेचतो त्या बऱ्याचशा ओकवरून. म्हणजे आमच्या कुंपणापलीकडचा ओक गेला की त्याच्या ताटातलं गेलं. 1990 पासून तो संकटग्रस्त यादीत आहे. त्याच्या विणीच्या हंगामामुळे 1 मार्च ते ऑगस्टअखेर त्याच्या अधिवासात झाडतोड नको असते, आणि त्याच्या अगदी कडेला धडधडणारं यंत्र लावणंही कोणाला मान्य नव्हतं. आम्हाला जुलैत चर हवा होता. ऑगस्ट संपेपर्यंत थांबायचं ठरलं.

त्या थांबलेल्या काळात आमचा रेड ओक गेला. जुलैच्या मध्यावर शेंड्याची पानं तांबूस दिसायला लागली, महिन्याच्या शेवटी सगळं झाड त्या रंगाचं झालं. येणारेजाणारे ‘किती सुंदर रंग आलाय’ म्हणायचे. जुलैमध्ये! नकाशावरची रेघही सरकली, कारण शंभर फूट आता आमच्या रेड ओकपासून मोजायचे होते. खर्च वाढला.

शेजाऱ्यांची बैठक आमच्याच मागच्या अंगणात घेतली, चहा आणि चिवड्यावर. सात घरांच्या हद्दीतून चर जाणार होता. सुरुवातीलाच पैशांचा विषय काढू नका, हे मी नवऱ्याकडून शिकले. त्याने आधी नुसता नकाशा टेबलावर पसरला आणि प्रत्येकाला आपापली झाडं शोधायला लावली. झाड सापडलं की माणूस आपणहून खुर्ची पुढे ओढत होता. एका घराने पोहण्याच्या तलावाचे पाइप जातील म्हणून साफ नकार दिला. त्यांची भीती खरी होती, चराची रेघ त्यांच्या घराला वळसा घालून वळवली. आजी पेन्शनवर जगतात. त्यांच्या वाटणीचे पैसे बाकीच्यांनी आपसात वाटून घेतले, आणि त्या बैठकीत तो विषय कोणी मोठ्याने काढला नाही याचं मला बरं वाटलं. ‘आमच्या आवारात चर खणायला परवानगी आहे’ असं एक पानी पत्र प्रत्येकाने सही करून दिलं. ठेकेदार त्याशिवाय तारीखच देत नाही.

खणण्याआधी 811 या क्रमांकावर कळवावं लागतं, किमान दोन कामाचे दिवस आधी. ते लोक येऊन जमिनीखालच्या वाहिन्यांवर रंगीत झेंड्या लावून जातात: पिवळी गॅसची, निळी पाण्याची, लाल विजेची, नारिंगी फोन-इंटरनेटची, हिरवी सांडपाण्याची. त्याला पैसे पडत नाहीत. पण तुमच्या बागेतले स्प्रिंकलरचे पाइप ते दाखवत नाहीत, ते खासगी धरतात. आदल्या दिवशी स्प्रिंकलर चालू करून प्रत्येक तोटीजवळ स्वतः झेंडी लावा. आमच्या गल्लीत एवढं करूनही दोन ठिकाणी पाइप फुटले.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात यंत्र आलं. इथे वीतभर मातीखाली चुनखडीचा खडक लागतो, त्यामुळे साधा खोदाईयंत्राचा दात चालत नाही, दगड कापायची करवत लागते. चर किमान चार फूट खोल हवा, रुंदी जेमतेम काही इंच. पांढऱ्या धुळीने सगळ्यांच्या गाड्या, खिडक्या, वाळत घातलेले कपडे माखले. करवत पुढे जायची तशी बाजूच्या भिंतीतून तुटलेल्या मुळांची तोंडं दिसायची. काही मनगटाएवढी जाड, आणि चक्क आजींच्या झाडापासून कितीतरी लांब. बैठकीत ‘इतक्या दूर मुळं कुठली येतायत’ म्हणणारे काका ती मुळं बघत बराच वेळ उभे राहिले. चर त्याच दिवशी बुजवत नेला, कारण मुळं तोडणं एवढंच काम असतं. फुटाला 20 डॉलरच्या थोडं वर पडलं. आमचा वाटा सुमारे 2,100 डॉलर. घराच्या विम्याने यातलं काहीच दिलं नाही, रोगाने मेलेलं झाड आमच्या पॉलिसीत बसत नव्हतं.

झाडतोडीचा परवाना आम्ही ऑगस्टमध्येच मागून ठेवला होता. ऑस्टिनात 19 इंच व्यासाच्या पुढचं झाड संरक्षित असतं, आणि ओक 24 इंचांचा झाला की ‘हेरिटेज’. मेलेलं झाडही स्वतःचं म्हणून परस्पर तोडता येत नाही. आमचा रेड ओक 21 इंचांचा होता. अर्जाला फोटो, बुंध्याचं माप, जागेचा आराखडा आणि अधिकाऱ्यांचा तो ईमेल जोडला. एकदा अर्ज परत आला, फोटोत मोजपट्टी दिसत नाही म्हणून. मोजपट्टी लावून पुन्हा फोटो काढला. क्रम महत्त्वाचा आहे: आधी चर, मग करवत. लाइव्ह ओकची गर्दी असलेल्या जागी हेच सांगतात. पण रेड ओक हिवाळ्याच्या पुढे उभा ठेवायचा नाही, नाहीतर सालीखाली थर धरतात. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो उतरवला, 1,600 डॉलर लागले. सगळ्या लाकडाचा जागेवरच भुगा केला. भुगा लवकर सुकतो आणि त्यात बुरशी टिकत नाही.

लाकडावरून एक प्रसंग झाला. मंडळाच्या एका ओळखीच्यांनी विचारलं, ‘वहिनी, एवढं लाकूड फुकट घालवताय? मार्चमध्ये होळीला द्या की.’ रोगट रेड ओकचं ओलं लाकूड वसंतात दुसऱ्या वस्तीत नेऊन रचून ठेवणं म्हणजे भुंगेऱ्यांना आमंत्रण. त्यांना हे समजावताना थोडा वाईटपणा आला. जळणासाठी लाकूड विकत घेणाऱ्यांनीही लक्ष द्या: ओकचं लाकूड पूर्ण सुकलेलं, साल सुटायला लागलेलं घ्या. शंका असली तर उन्हाळाभर पारदर्शक प्लॅस्टिकखाली, कडा मातीने दाबून ठेवा.

मार्च 2025 मध्ये लाइव्ह ओकनी नेहमीप्रमाणे पानं टाकली आणि त्या तीन-चार आठवड्यांत मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन पानं तपासत बसायचे. याचा काडीचा उपयोग नाही, वसंतातल्या जुन्या पानांवरून काही कळत नाही. तुम्ही तो वेळ वाचवा आणि मेपर्यंत थांबा. मेमध्ये घराजवळचं 26 इंची झाड भरगच्च होतं. कुंपणाकडच्याचा वरचा एक तृतीयांश भाग उघडा राहिला, खाली दाट फुटवा आहे. तो असाच वर्षानुवर्षं राहू शकतो किंवा जाऊही शकतो. आजींचा ओक गेला, त्यांच्या पलीकडच्या घरातलाही एक गेला. दोन्ही चराच्या आतले. चराबाहेर, जंगलाच्या बाजूला, अजून कुठेही शिरा वाळलेलं पान मिळालेलं नाही. पण एका उन्हाळ्यावरून निकाल लावता येत नाही. चर कधीकधी फुटतो, म्हणजे खोल राहिलेल्या एखाद्या मुळातून बुरशी पलीकडे जाते, म्हणून पुढची काही वर्षं कुंपणालगत नजर ठेवायची आहे. गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर ज्याला जे पान सापडेल त्याचा फोटो पडतो. त्यातली निम्मी पानं ओकची नसतात.

रेड ओकच्या जागी पुन्हा ओक लावायचा असेल तर पांढऱ्या गटातला लावा, असा सल्ला मिळाला. आम्ही एक मॉन्टेरी ओक आणि एक सीडर एल्म घेतला, म्हणजे पुढच्या वेळी सगळी झाडं एकाच रोगाच्या तावडीत नकोत. आजींनी बर ओक निवडला. त्याचं फळ लिंबाएवढं असतं आणि नातवाला ते आवडेल म्हणून. औषधाची पुढची मात्रा जून 2026 मध्ये आहे. गेल्या वेळी औषध देणाऱ्या ठेकेदारालाच आत्ता सांगून ठेवलंय, कारण मे-जूनमध्ये या लोकांच्या तारखा मिळत नाहीत.